बायोडाटातला इंजिनिअर

माझ्या लग्नाच्या बायोडाटावर जवळजवळ सगळं खरं होतं. उंची खरी होती, पगार खरा होता, 'स्वभाव शांत' हेसुद्धा तेव्हा खरं होतं. खोटा शब्द एकच. 'वडील' लिहून पुढे मी 'निवृत्त रोपवे इंजिनिअर' असं टाकलं होतं.

माझे वडील भीमराव चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीच्या रोपवेवर ऑइलमन होते. तारेला टांगलेल्या मोठाल्या लोखंडी बादल्यांतून कोळसा वीज केंद्राकडे जायचा. ती तार ज्या पुल्यांवरून धावायची, त्या पुल्यांना ग्रीस भरायला बाबा टॉवरवर चढायचे. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच केलं. मी पुण्यात नोकरीला लागलो आणि मँचेस्टरच्या डॉक्टर राजेंद्र यांच्या मुलीचं स्थळ आलं, तेव्हा मला वाटलं की 'ऑइलमन' वाचून हे लोक कागद बाजूला ठेवतील. म्हणून एक शब्द बदलला. रोपवे तर खराच आहे ना, अशी मनाची समजूत घातली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात ते तेरा वर्षं लख्ख पडलेलं होतं.

लग्न झालं, मी नॉटिंगहॅमला आलो. बायको कल्याणी इथल्या हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट आहे, मी आयटीत. मुलगी कस्तुरी दहा वर्षांची आहे. खोटं तसंच राहिलं, कारण ते बाहेर काढायला मला कधी मुहूर्त सापडला नाही. बाबा पहिल्यांदा इंग्लंडला आले, तेव्हा डॉक्टरांनी बाबासाहेबांच्या जयंतीच्या कार्यक्रमात त्यांना स्टेजवर बोलावलं आणि "आमचे व्याही, इंजिनिअर भीमराव" अशी ओळख करून दिली. बाबांनी हात जोडले, "जय भीम" म्हणाले आणि खाली येऊन बसले. डॉक्टर तेव्हापासून त्यांना 'इंजिनिअर साहेब' म्हणतात. दर फोनवर रोपवेबद्दल काहीतरी विचारतात आणि बाबा "हो, होतं तसं" एवढंच बोलून फोन माझ्याकडे देतात.

"बाबा किती रिझर्व्ह्ड आहेत ना," कल्याणी म्हणायची.

"पहिल्यापासून तसेच आहेत," मी म्हणायचो. हे दुसरं खोटं. गावी संध्याकाळी बाबांच्या दारात खाणीतले जुने लोक खुर्च्या टाकून बसतात आणि बाबांपुढे कोणाला तोंड उघडायला मिळत नाही.

आई गेल्यानंतर या हिवाळ्यात ते दुसऱ्यांदा आमच्याकडे आले. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. दिवसभर खिडकीशी बसायचे, नाहीतर ट्रामच्या स्टॉपवर जाऊन वरच्या तारा बघत उभे राहायचे. फेब्रुवारीची हाफ-टर्मची सुट्टी जवळ आली आणि कस्तुरी लॅपटॉप घेऊन माझ्यापुढे आली.

"डॅडा, स्कॉटलंडमध्ये रोपवे आहे! स्नोच्या वरून जातो. आपण आजोबाला घेऊन जाऊ या. ही विल एक्सप्लेन एव्हरीथिंग. माझी आजोबा रोपवेची इंजिनिअर आहे ना!"

तिच्या मराठीत लिंगांची नेहमीच मारामारी असते. मी ती दुरुस्त करतो. त्या वाक्यातली खरी चूक मात्र मला दुरुस्त करता आली नाही. कल्याणीने लगेच टाळी वाजवली आणि बाबांकडे बघितलं. बाबा माझ्याकडे बघत होते.

"थंडी लय असन," ते म्हणाले, "पण जाऊ."

डोंगराचं नाव गेलिक भाषेत आहे. मी उच्चारायला गेलो की कस्तुरी हसते, म्हणून इथे लिहीत नाही. आम्ही आदल्या दिवशी पायथ्याच्या गावात मुक्काम केला आणि सकाळी नऊला रोपवेच्या स्टेशनवर पोचलो. कल्याणीने धपाटे आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती, त्यामुळे आमच्या गाडीचा वास दोन गाड्यांपलीकडे जात होता. बाबांच्या अंगावर माझा जुना जाड कोट, डोक्याला निळी लोकरीची टोपी आणि कोटावर बाबासाहेबांचा छोटा बिल्ला.

स्टेशनवर पाटी होती: वारा जास्त असल्यामुळे सेवा थांबवली आहे. रांगेतले लोक घड्याळं बघत होते, माझंही तोंड वाकडं झालं. नुसते पाऊणशे मैल गाडी मारली असती तर एक वेळ ठीक, आम्ही चारशे मैलांवरून आलो होतो. बाबा मात्र खूश दिसले.

"चांगले लोक हायेत," ते म्हणाले. "ज्याले थांबवता येते, त्यालेच चालवता येते."

एवढं लांब वाक्य ते आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच बोलले असतील. कल्याणीने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी पाटीकडे तोंड फिरवलं. कारण एक तर बाबा गप्प बसणार होते आणि माझं निभावणार होतं, किंवा ते बोलणार होते आणि माझं पितळ बायकोसमोर, लेकीसमोर उघडं पडणार होतं. मी मनात म्हटलं, वारा थांबूच नये.

तासाभरात वारा पडला. केबिन हलायला लागल्या.

स्टेशनात केबिन थांबत नाही, नुसती मंद होते, आणि आपण चालता चालता आत शिरायचं असतं. मी ठेचकाळलो, कल्याणीने कस्तुरीला आत ढकललं, आणि बाबा पायाकडे न बघता घरात शिरावं तसे शिरले. शिरताना त्यांनी केबिन ज्या दांड्याला टांगली होती त्याला हात लावला आणि तोच हात कपाळाला नेला की टोपी सारखी केली, ते मला नीट दिसलं नाही. दार बंद झालं. केबिनने वरची तार पकडली आणि आम्ही जमिनीवरून सुटलो.

काय तो डोंगर! खाली पाइनची झाडं बर्फाने वाकलेली होती, त्यांच्या मधून एक काळा ओढा जात होता, आणि मागे वळून बघितलं तर दरीच्या टोकाला समुद्राचा आत शिरलेला करडा पट्टा. झाडं संपली तशी नुसती पांढरी उतरण सुरू झाली आणि तिच्यावर आमच्या केबिनची इवलीशी सावली आमच्याबरोबर चढत राहिली. कस्तुरी या काचेवरून त्या काचेवर उड्या मारत होती. "ममा, लुक! केवढी मोठी बर्फ!" कल्याणी फोटो काढायचे विसरली, म्हणजे बघा.

बाबा खाली बघतच नव्हते. त्यांनी टोपी कानावरून वर सारली होती, डोकं केबिनच्या लोखंडी चौकटीला टेकवलं होतं आणि डोळे मिटले होते. पहिला टॉवर आला. वरच्या पुल्यांवरून आमचा दांडा गेला, केबिनला हलकासा धक्का बसला आणि पुन्हा शांत. बाबांचे ओठ हलले. दुसरा टॉवर आला, पुन्हा ओठ हलले.

"बाबा, बरं वाटत नाहीये का?" कल्याणीने विचारलं.

"मोजून राहिलो," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "या टॉवरले आठ पुल्या. आठच्या आठ गोड चालल्या. एकही ओरडली नाही."

"ओरडतात का?"

"कोरडी पुली ओरडते ना बाई. लेकरावानी ओरडते. रात्रभर झोपू देत नाही." मग त्यांना काही आठवलं असावं. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि टोपी पुन्हा कानावर ओढली. वरचं स्टेशन येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

त्या क्षणी मला माझी लाज वाटायला हवी होती. मला हायसं वाटलं. खोटं बोलणाऱ्या माणसाचं हे असंच होतं.

वर गुडघाभर बर्फ होतं आणि ऊन पडलं होतं. डोळे उघडे ठेवता येत नव्हते. कस्तुरी आणि कल्याणी बर्फात धावल्या. बाबांनी वाकून मूठभर बर्फ उचललं, हातात दाबून बघितलं, टाकून दिलं आणि ते सरळ मागे वळले, स्टेशनच्या छताखाली जिथे ते आडवं मोठं चाक फिरत होतं तिथे. मोठ्या जेवणाच्या टेबलाच्या तिप्पट असेल ते चाक. तार एका बाजूने येत होती, चाकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने परत जात होती, आणि आवाज एवढाच की शेजारचा माणूस हळू बोलला तरी ऐकू यावं. बाबा कठड्याला धरून उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं. थंडीचंच असेल, असं मी तेव्हा ठरवून टाकलं.

तेवढ्यात टॉवरकडून एक बाई चालत आली. चाळिशीची, नारिंगी जॅकेट, कमरेला सुरक्षेचे पट्टे आणि आकडे, भुवयांवर बर्फ, हातात ग्रीसची पिचकारी. तिने हातमोजा काढला, तेव्हा बाबांची नजर तिच्या नखांवर गेली. नखांच्या कडेला काळी रेघ होती. तशीच रेघ बाबांच्या नखांना आजही आहे, निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी.

कस्तुरी धावत आली होती. "माय ग्रॅन्डॅड इज अ रोपवे इंजिनिअर! फ्रॉम इंडिया!"

"खरंच?" ती बाई थांबली. तिचं नाव मॉराग, ती इथल्या देखभालीच्या टोळीत होती. "मग बाहेरून काय बघताय? आत या, मशीन दाखवते."

झालं. वाऱ्याने मला वाचवलं नाही ते नाहीच.

मशीनच्या खोलीत ऊब होती आणि तेलाचा वास होता. बाबांनी तो वास छातीभर ओढून घेतला. मॉराग उत्साहाने विचारू लागली आणि मध्ये दुभाषी मी. तिचं इंग्रजी बाबांच्या कानावरून जात होतं आणि बाबांची मराठी तिच्या. दोघांचं बोलणं माझ्या हातात होतं.

"इंजिनिअर म्हणून त्यांचं काम काय होतं?" तिने विचारलं. "डिझाइन?"

"बाबा, ती विचारते, रोपवे केवढा होता," मी म्हणालो.

"सांग तिले, बारा किलोमीटर. एकशे चार टॉवर."

मी सांगितलं. मॉरागने शीळ घातली. "एकशे चार! माझे सगळे मिळून वीससुद्धा नाहीत. एवढ्यांना ग्रीस कसं करायचे?"

हा प्रश्न मी नीट पोचवला. बाबांचा चेहरा उजळला. "चार माणसं होतो. माह्या वाट्याले सव्वीस. रोज चार टॉवर चढायचो, सातव्या दिवशी उरलेले दोन, मंग पुन्हा पहिल्यापासून."

कल्याणी दारात उभी होती. तिला मराठी कळते. मी घाईघाईने इंग्रजीत म्हणालो, "हिज मेन डिड फोर टॉवर्स अ डे." त्यांची माणसं रोज चार टॉवर करायची.

बाबांना इंग्रजी फार येत नाही. पण खाणीत साहेबांच्या हाताखाली अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला 'हिज मेन' कळतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. ओळखीच्या माणसाने रस्त्यात न बोलता पुढे निघून जावं, तेव्हा आपण बघतो तसं. मग त्यांनी मला हाताने बाजूला केलं.

"नो मेन," ते मॉरागला म्हणाले आणि छातीवर हात ठेवला. "आय. नो इंजिनिअर. आय ऑइलमन. ट्वेंटी एट इयर. आय क्लाइंब. आय ग्रीस."

 माझी मान खाली गेली ती मला वर करता येईना.  दारातल्या कल्याणीची नजर मला पाठीवर जाणवत होती.

मॉरागने हातातली पिचकारी टेबलावर ठेवली. दुसरा हातमोजा काढला आणि उजवा तळवा बाबांपुढे धरला. त्यावर एक लांब गुलाबी व्रण होता. "मागच्या जानेवारीत मोजा न घालता शिडी पकडली," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "उणे चौदा होतं. लोखंड हाताला चिकटतं. सांगा त्यांना."

मी सांगितलं. या वेळी शब्दाला शब्द.

बाबांनी आपला तळवा तिच्या तळव्याशेजारी धरला. त्यावरही जुने पांढरट डाग होते, मी लहानपणापासून पाहिलेले आणि कधी न विचारलेले. "आमच्याकडे मे महिन्यात लोखंड भाजते," ते म्हणाले. "सत्तेचाळीस डिग्री. हाताले गोणपाट गुंडाळून चढायचो. पट्टा नव्हता. सांग तिले."

मी सांगितलं. 

"पट्टा नव्हता?" मॉरागने बाबांकडे नखशिखांत बघितलं. मग तिने कपाटातून एक लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि त्यांच्या हातात दिला. काही सांगावं लागलं नाही. बाबांनी टोपी वर सारली, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चाकाच्या बेअरिंगच्या लोखंडी घरावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. एवढं मोठं यंत्र, आणि पाठीत वाकलेला एक म्हातारा त्याची नाडी बघत होता. मी आयुष्यात त्यांना कामावर पाहिलं नव्हतं. हे असे दिसायचे तर! इतके तल्लीन, इतके स्वतःच्या घरात असल्यासारखे. आणि हा माणूस मी एका कागदावरून खोडून टाकला होता.

"लोण्यावानी चालून राहिलं," बाबा डोळे उघडून म्हणाले. "तिले सांग, बाई, तुझा हात चांगला आहे."

मी सांगितलं. मॉराग कानापर्यंत लाल झाली. "वर्षातून दोनदा इन्स्पेक्शनचे साहेब येतात," ती म्हणाली, "त्यांनी कागदावर सही केली की मला बरं वाटतं. पण हे मी जास्त दिवस लक्षात ठेवीन." तिने बाबांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. "थँक यू, ऑइलमन."

कस्तुरी तोंड उघडं टाकून बघत होती. "आजोबा, तू स्वतः वर चढायचा? विदाउट बेल्ट? डॅडाने कधी सांगितली नाही! इंजिनिअर तर फक्त ड्रॉइंग काढते!"

उतरताना केबिनमध्ये आम्ही चौघंच होतो. कस्तुरीने टोपी काढून लोखंडी चौकटीला कान लावला होता. दोन टॉवर मागे पडले. मग कल्याणी बोलली, आणि तिने आवाज चढवला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"तेरा वर्षं, प्रणय?"

"मला वाटलं, तुझ्या घरचे—"

"माझे आजोबा गिरणीत कामगार होते. पप्पा दर भाषणात सांगतात, प्रत्येक वेळी. तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतोस!" ती थांबली. "बाबा ऑइलमन होते याचा मला राग नाही. ते आपल्या घरी तोंड मिटून बसायचे आणि मी लोकांना सांगत होते, रिझर्व्ह्ड आहेत. तू त्यांना गप्प बसवलंस. बाबासाहेबांनी शिका म्हटलं होतं. शिकून बापाला लपवा असं कुठे म्हटलं होतं?"

 मी बाबांकडे वळलो. "बाबा, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"बायोडाटा मीच छापून आणला होता," बाबा म्हणाले. "तू पैसे देऊन पाठवलं होतं ना चौकातल्या दुकानात. तिथंच वाचला."

"मग?"

ते खाली बघत होते. या वेळी त्यांना बर्फ दिसत असावं. "तुह्या लग्नाचं काम होतं. मध्ये आवाज होऊ द्यायचा नाही, एवढंच मले येते. अठ्ठावीस वर्षं तेच तर केलं."

मी रडलो. केबिनमध्ये तोंड लपवायला जागा नसते, चारी बाजूंनी काच. कल्याणीने मला रुमाल दिला नाही. तिने तो बाबांना दिला.

"आजोबा," कस्तुरी चौकटीला कान लावूनच म्हणाली, "मला काहीच ऐकू येत नाही."

"बरोबर," बाबा म्हणाले. "तसंच पाहिजे."

खाली गाडीशी आलो. धपाटे बोनेटवर ठेवून खात होतो, तेवढ्यात कल्याणीचा फोन वाजला. मँचेस्टरहून डॉक्टर. तिने स्क्रीन बघितली आणि फोन माझ्यापुढे धरला. मी स्पीकर लावला.

"जय भीम, इंजिनिअर साहेब! कसा काय वाटला इंग्रजांचा रोपवे?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ते 'हो, बरा होता' म्हणणार होते, मला माहीत होतं. तोंड उघडलंसुद्धा त्यांनी.

"पप्पा, मी प्रणय," मी म्हणालो. "बाबा इंजिनिअर नव्हते. रोपवेवर ऑइलमन होते. बायोडाटावर मी खोटं लिहिलं होतं, आणि ते माझ्यासाठी तेरा वर्षं गप्प राहिले."

 कल्याणीने धपाट्याचा घास हातातच धरला होता.

"तुझ्याशी मी नंतर बोलतो," डॉक्टर शेवटी म्हणाले. आवाजातलं 'जावईबापू' गेलं होतं. "व्याह्यांना दे. अहो भीमराव, इतकी वर्षं मी तुम्हाला विचारतोय, त्या तारेवर भरलेली बादली मध्येच अडकली की काय करायचे? आज तरी सांगा."

बाबांनी हात पुसले आणि फोन घेतला. "जय भीम, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "त्याचं असं आहे, बादली अडकली की पहिले आवाज बदलते. तुम्हाले सुरुवातीपासून सांगतो."

ते पुढच्या सीटवर बसले, कल्याणीने त्यांचा पट्टा लावला, आणि मी गाडी काढली. दोन तासांनी लॉक लोमंड तलावाचं पाणी दिसायला लागलं तरी बाबा बोलतच होते. मी गाडी चालवत होतो. मध्ये एकदाही बोललो नाही.